नावावरची मोटार

सरकारी दप्तरात एकदा उतरलेली नोंद, ती खरी असो वा खोटी, आपल्या बळावर उभी राहते आणि ती हटवायची असेल तर तितक्याच रीतसर मार्गाने दुसरी नोंद घडवून आणावी लागते, ही गोष्ट महसूल खात्यात कारकुनापासून अव्वल कारकुनापर्यंत सारी उमर घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला नवी नव्हती. फेरफाराच्या हरकती, वारसांचे तंटे, मयत इसमाच्या जागी भलताच कोणी उभा करून केलेली खरेदीखते, हे सारे मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिले होते. ज्याच्या नावाने खोटी नोंद झाली आहे त्या इसमाच्या जागी स्वतः उभे राहण्याचा प्रसंग मात्र निवृत्तीनंतर आला, आणि तोही जमिनीच्या नव्हे, मोटारीच्या नोंदीमुळे.

एका वित्तसंस्थेच्या वकिलांनी पाठविलेल्या नोटिशीत असे नमूद होते की, मजकूर कर्जदाराने चारचाकी वाहनाच्या खरेदीसाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते थकविले असून, मुदतीत भरणा न झाल्यास वाहन ताब्यात घेऊन पुढील कायदेशीर इलाज करण्यात येईल. मजकूर कर्जदार म्हणजे मी. नाव माझे, वडिलांचे नाव बरोबर, पत्ता घरक्रमांकासह अचूक. मी आयुष्यात कधी मोटार चालविलेली नाही आणि शिकाऊ परवानासुद्धा काढलेला नाही. सौ.ना प्रथम वाटले, टपाल चुकून आपल्याकडे आले असावे. परंतु वडिलांच्या नावासकट जे आपल्या दारी येते ते चुकून आलेले नसते, हे नोटीस दुसऱ्यांदा वाचताना तिच्याही ध्यानात आले.

माझा पुतण्या तालुक्याच्या न्यायालयात वकिली करतो. त्याने केंद्र सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीवर नोटिशीतील क्रमांक घातला, तेव्हा मधली अक्षरे झाकलेले माझे नाव, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि त्या वित्तसंस्थेच्या नावे असलेला तारणाचा बोजा, असा सारा तपशील पडद्यावर आला. त्याच क्रमांकावरील ई-चलने पाहिली तर मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचे दंड बाकी होते, आणि प्रत्येकाबरोबर कॅमेऱ्याने टिपलेले एका पांढऱ्या मोटारीचे छायाचित्र होते. या दंडाचे संदेश मला कधीच आले नव्हते, कारण नोंदीत लिहिलेला मोबाइल क्रमांक माझा नव्हता. पत्ता खरा आणि दूरध्वनी खोटा, अशी ही रचना होती: कागद तपासणाऱ्याला सर्व काही जुळलेले दिसावे, आणि ज्याचे नाव वापरले त्याला मात्र काहीच कळू नये.

परिचितांपैकी काहींनी सल्ला दिला की दंडाची रक्कम फार नाही, ती भरून टाकावी आणि मग सवडीने तक्रार करावी. हा सल्ला मी मानला नाही, आणि अशा संकटात सापडलेल्या कोणालाही तो मानू नका असेच मी आग्रहाने सांगेन. आपल्या नावाची भरणा-पावती हा पुढे आपल्याविरुद्ध दाखविला जाणारा कागद असतो. ज्या गाडीशी आपला संबंध नाही तिचा दंड किंवा हप्ता, एक रुपयाचासुद्धा, आपण भरायचा नसतो. मी केले ते एवढेच की नोटिशीचा लिफाफा टपालाच्या शिक्क्यासह जपून ठेवला, पडद्यावरील प्रत्येक पानाची तारीखवार छापील प्रत काढली, आणि वकिलांना पोचपावतीच्या टपालाने उत्तर पाठविले की, हे कर्ज मी घेतलेले नाही, करारावरील सही माझी नाही, वाहन माझ्या कब्जात कधीही नव्हते व नाही, तरी कर्जप्रकरणाच्या सर्व कागदांच्या नकला द्याव्यात.

घाई करण्याचे कारण होते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावे वाहन नोंदलेले आहे तो त्याचा मालक. कर्जाने तारण असलेल्या गाडीपुरता, करारान्वये ती ज्याच्या कब्जात आहे त्याला मालक मानण्याचा अपवाद कायद्यात आहे, परंतु करारावरही नाव माझेच असल्याने तो अपवाद माझ्या उपयोगाचा नव्हता. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात, गाडी अनेक हातांतून विकली गेलेली असतानाही, अपघाताच्या भरपाईसाठी दप्तरात ज्याचे नाव राहिले तोच मालक असा निर्णय दिला. ते प्रकरण खऱ्या विक्रीचे होते, बनावट नोंदीचे नव्हते. तरी त्यातील विचारसरणी वाचल्यावर मला रात्री झोप लागेना. त्या पांढऱ्या मोटारीखाली उद्या एखादा माणूस सापडला, तर त्याच्या मुलाबाळांच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून पहिले नाव माझे लागणार होते, आणि ज्यांचा कर्ता गेला त्या घराला मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो की ही गाडी माझी नव्हे? दंड आणि हप्ते यांच्यापेक्षा ही भीती मला अधिक खरी वाटत होती.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांच्या टेबलाशी असलेला तरुण हवालदार सौजन्याने बोलला. “काका, आधी अर्ज देऊन ठेवा, चौकशी करतो, मग बघू,” असे तो म्हणाला. अर्जाची चौकशी आणि गुन्ह्याची नोंद यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. अर्ज आवक-बारनिशीत पडून राहतो. गुन्हा दाखल झाला की त्याला क्रमांक मिळतो, तपास अधिकारी मिळतो, आणि तो क्रमांक पुढच्या प्रत्येक कचेरीत आपला दाखला ठरतो. नोंदणी १ जुलै २०२४ नंतरची असल्यामुळे प्रकरणाला भारतीय न्याय संहिता लागू होती, आणि तीत फसवणूक कलम ३१८ खाली, तोतयेगिरी ३१९ खाली, फसवणुकीसाठी केलेले बनावटीकरण ३३६ खाली आणि बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणे ३४० खाली येते. पुतण्याने ही कलमे लेखी फिर्यादीतच नमूद केली होती. पोलीस निरीक्षकांनी ती वाचली, मला दोनचार प्रश्न विचारले, आणि माझा जबाब घेऊन गुन्हा नोंदविण्याचा हुकूम दिला. फिर्यादीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती घेतल्याखेरीज ठाण्यातून उठू नये. ठाण्याने दाद दिली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवावे, आणि तेथेही निभाव लागला नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे, अशी वाट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आखून दिलेली आहे. मला तितके पुढे जावे लागले नाही.

परिवहन कार्यालयातील अनुभव अधिक विस्ताराने सांगण्यासारखा आहे. खिडकीवरील बाईंनी संगणकात पाहून सांगितले, “गाडी तुमच्याच नावावर आहे, आजोबा. विकायची असेल तर एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म भरा.” त्यांचा दोष नव्हता; त्यांच्यासमोर जी नोंद होती तिच्यात मी मालक होतो, आणि मालक गाडी नको म्हणतो तेव्हा तो ती विकत असतो, याहून निराळी शक्यता त्या कामाच्या चाकोरीत बसत नव्हती. मी आत जाऊन अधिकाऱ्यांची भेट घेतली आणि गुन्ह्याची प्रत जोडून दोन स्वतंत्र अर्ज दिले. पहिल्यात, नोंदणीच्या मूळ प्रकरणातील नमुना २० चा अर्ज, नमुना २१ चे विक्री प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा आणि तारणाचे कागद यांच्या प्रमाणित नकला मागितल्या. दुसऱ्यात, मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५५ च्या पोटकलम (५) अन्वये नोंदणी रद्द करावी आणि तोवर त्या वाहनाचे हस्तांतरण, ना-हरकत दाखला व अन्य सर्व व्यवहार रोखून ठेवावेत, अशी विनंती केली. दुसऱ्या अर्जातील व्यवहार रोखण्याची मागणी कोणीही विसरू नये. ती नसती तर आमच्या चौकशीच्या काळात गाडी परजिल्ह्यात विकली जाऊन एखादा निरपराध खरेदीदार या जाळ्यात ओढला गेला असता.

नकला हाती आल्या तेव्हा मनावरचे मोठे ओझे उतरले. मी शाळेपासून आजतागायत मराठीतच सही करीत आलो. सेवापुस्तकात, बँकेत, निवृत्तिवेतनाच्या कागदांवर, सर्वत्र तीच सही आहे. नमुना २० वर माझे नाव इंग्रजीत, सफाईदार हाताने लिहिलेले होते. आधारची जोडलेली प्रत क्रमांकाने व पत्त्याने माझी होती, परंतु छायाचित्राच्या जागी कोणी तिशीतला माणूस होता. कोणाही डोळस माणसाने माझी जन्मतारीख आणि तो चेहरा एकदा शेजारी ठेवून पाहिला असता तर सारे बिंग तेथल्या तेथे फुटले असते.

पण पाहणार कोण? मोटार वाहन अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ४४ प्रमाणे अधिकृत विक्रेत्याने विकलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी अधिकाऱ्यापुढे हजर करावी लागत नाही. कागद विक्रेत्याच्या दुकानातूनच चढविले जातात. लक्षावधी प्रामाणिक खरेदीदारांचे हेलपाटे त्यामुळे वाचले, आणि ती सुधारणा मागे घ्यावी असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु तिचा परिणाम असा झाला की माझ्या नावे मोटार नोंदली गेली तेव्हा ती मोटारही कोणा सरकारी अधिकाऱ्याने पाहिली नव्हती आणि मलाही पाहिले नव्हते. याच्या शेजारी माझ्या जुन्या खात्याची रीत ठेवून पाहावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५० प्रमाणे तलाठ्याने फेरफार धरला की त्याची नक्कल चावडीवर लावावी लागते, हितसंबंधितांना लेखी कळवावे लागते, हरकत आली तर ती तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत जाते, आणि निकालानंतरच नोंद प्रमाणित होते. या रीतीतही फसवणुका होतात, मी त्या पाहिल्या आहेत. तरी गुंठाभर जमिनीची नोंद करताना ज्याचे नाव लिहायचे वा खोडायचे त्याला आधी विचारावे हे तत्त्व आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मान्य आहे. लाखो रुपयांची आणि माणसाचा जीव घेऊ शकणारी मोटार एखाद्याच्या नावे चढविताना त्याच्या पत्त्यावर एक साधे पत्र का जाऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

तसे पत्र कायद्याला अपरिचित आहे असेही नाही. नोंदणी रद्द करण्यापूर्वी मालकाला, नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या पत्त्यावर, पोचपावतीच्या नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवावी असे कलम ५५(५) मध्ये स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. त्याप्रमाणे ‘वाहनमालकास’ नोटीस निघाली आणि पोस्टमनने ती आणून माझ्याच हाती दिली. सुनावणीला मी तक्रारदार म्हणूनही हजर होतो आणि मालक म्हणूनही. मालक या नात्याने मी निवेदन केले की माझी मालकी खरी नाही. सेवापुस्तकातील सहीची प्रत, आधारची मूळ प्रत आणि गुन्ह्याची प्रत पुढे ठेवली. अधिकाऱ्यांनी कागद बारकाईने तपासले, विक्रेत्याच्या प्रतिनिधीला खडसावून प्रश्न विचारले, आणि कारणे लिहून नोंदणी रद्द केल्याचा हुकूम काढला.

वित्तसंस्थेशी झगडा अधिक चिवट होता. माझ्या पत्रांना छापील उत्तरे येत, आणि दूरध्वनीवर वसुलीची माणसे सौ.शी ज्या भाषेत बोलली ती येथे लिहिण्यासारखी नाही. तपास अधिकाऱ्यांनी कागद मागविल्यावर कर्जाची फाइल बाहेर आली. तिच्यातही तोच तिशीतला चेहरा होता. अशा वेळी संस्थेकडे आधी लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली दाद मागावी. पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्या देशात चार आहेत, सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चारही अहवाल मागवावेत, कारण एका ठिकाणची खोटी नोंद खोडली म्हणून दुसऱ्या ठिकाणची आपोआप जात नाही. पतअहवाल दुरुस्तीच्या तक्रारीचा निकाल तीस दिवसांत लागला नाही तर त्यापुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई द्यावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये काढला. तो क्रमांकासह पत्रात नमूद केल्यावर उत्तरांची भाषा बदलली. ज्या विमा कंपनीच्या नावे त्या गाडीचा विमा होता तिलाही मी लेखी कळवून पोच घेतली.

गाडी सापडली ती तिच्याच छायाचित्रांमुळे. ई-चलनांवरील जागा आणि वेळा जुळवून पोलिसांनी ती शेजारच्या जिल्ह्यात एका भाड्याने गाड्या पुरविणाऱ्याकडे शोधली. त्याने ती कोणा दलालाकडून रोख पैसे देऊन घेतली होती. पंचनामा होऊन ती मुद्देमाल म्हणून जमा झाली, आणि त्याच पद्धतीने इतरांच्या नावे उचललेल्या आणखी गाड्यांची माहिती तपासात निघाली. त्या इतरांपैकी एक विधवा भगिनी पुतण्याकडे आल्या, तेव्हा माझ्या सर्व अर्जांच्या नकला मी त्यांना दिल्या आणि पोलीस ठाण्यात त्यांच्याबरोबर गेलो.

वित्तसंस्थेने कर्ज माझ्या नावावरून काढल्याचे पत्र दिले आहे, पतअहवाल स्वच्छ झाले आहेत, आणि दंडाची बाकी वाहतूक शाखेने गुन्ह्याच्या कागदांना जोडून घेतली आहे. दोषारोपपत्र दाखल झाले असून साक्षीसाठी मला बोलावणे येईल. दरम्यान परिवहन आयुक्तांकडे मी एक अर्ज पाठविला आहे. नव्या वाहनाची नोंदणी होताच, कागदांत दिलेल्या मोबाइल क्रमांकावर विसंबून न राहता, नोंदल्या जाणाऱ्या इसमाच्या पत्त्यावर टपालाने लेखी सूचना जावी आणि हरकतीसाठी मुदत असावी, अशी मागणी त्यात महसूल संहितेच्या कलम १५० चा दाखला देऊन केली आहे. अर्जाची पोच आली आहे. उत्तराची मी वाट पाहत आहे, आणि ते वेळेत न आल्यास स्मरणपत्र पाठविणार आहे.