पोटातल्या गोष्टी

मराठी माणसाचे मन कुठे असते, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, पोटात. कवी ते काळजात असते असे सांगतात. पण आपली रोजची भाषा निराळेच बोलते. भीती वाटली की पोटात गोळा येतो. माया पोटात असते, बोलायचे ते पोटतिडकीने बोलायचे, आणि दुसऱ्याचा अपराध पोटात घालायचा. यात एक मौज आहे. पोटतिडकीने बोलणारे बहुधा पुरुष असतात आणि पोटात घालण्याचे काम बायकांकडे असते.

माझी आई या दुसऱ्या कामात निष्णात होती. पापडीला आमचे घर. मागे विहीर आणि चार केळी, घरात नऊ माणसे. आई सर्वांत शेवटी जेवायची. रात्रीचा उरलेला भात ती पाण्यात घालून ठेवी; सकाळी त्याला आंबूस वास आलेला असे. मीठ आणि कांद्याची फोड घेऊन ती तो चुलीपाशी बसून खाई. आमच्या पानात मात्र गरम भाकरी. सोमवार, एकादशी, हरतालिका हे वेगळेच. शेजारच्या ख्रिस्ती घरांतही उपवासकाळ बायकांनीच अधिक कडक पाळलेला मी पाहिला आहे.

आईचे पोट नेहमी बिघडलेले असे. कधी फुगे, कधी कळा येत, आणि त्या दिवसांत ती गप्प, उदास असे. एकदा वडील तिला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी तपासल्यासारखे केले आणि वडिलांकडे वळून म्हणाले, "पोटात काही नाही हो, बाईंच्या मनाचे आहे सगळे." आई पदर सावरून उठली. त्यानंतर तिने पोटाचे नाव काढले नाही. 'मनाचे आहे' याचा अर्थ 'खरे नाही' असा होतो, हे तिला न सांगता कळले होते.

ते वाक्य माझ्या मनात सलत राहिले, म्हणून या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले. आपल्या आतड्यांत कोट्यवधी जंतू सुखाने नांदतात. त्यांतले काही आपले हितकर्ते आहेत, असे रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ शंभर वर्षांपूर्वीच सांगत होता. आंबट दुधाने माणूस दीर्घायुषी होतो, असे त्याचे मत. १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र दुसऱ्या संशोधनासाठी. त्याचाच शिष्य हाफकिन १८९६ साली प्लेगवर लस करायला मुंबईत आला. परळच्या संस्थेला त्याचे नाव आहे. गुरू जंतूंची वकिली करणारा आणि शिष्य जंतूंशी झुंजणारा!

पण जंतूंचा मनाशी संबंध हे प्रकरण अलीकडचे. २००४ साली जपानमध्ये क्यूशू विद्यापीठात काही उंदीर जन्मापासून पूर्ण निर्जंतुक जागेत वाढवले. त्यांना अरुंद नळीत कोंडले तेव्हा घाबरल्यावर रक्तात उतरणारे द्रव्य त्यांच्यात साध्या उंदरांपेक्षा जास्त वाढले. एकाच जातीचे हितकर जंतू लहानपणी पोटात घातले, तर ते भय आटोक्यात आले. पुढे आयर्लंडमधल्या कॉर्कच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवले की, विशिष्ट जंतू खाऊ घातलेला उंदीर धीट होतो. पण पोटातून मेंदूकडे जाणारा मोठा मज्जातंतू कापला की धीटपणा नाहीसा होतो. म्हणजे तारायंत्र खरेच आहे, आणि निरोप खालून वर जातो.

याच कॉर्कच्या मंडळींना पुढे जे आढळले, तिथे मी थबकले. जंतूंवाचून वाढलेल्या नर उंदरांच्या मेंदूत, स्मृती आणि भावना सांभाळणाऱ्या भागात, सेरोटोनिन हे द्रव्य वाढलेले होते. माद्यांत तसे झाले नाही. दूध सुटल्यावर जंतू दिले तेव्हा त्यांची वागणूक नेहमीसारखी झाली, पण मेंदूतला तो फरक राहिला. २०१३ साली टोरांटोच्या संशोधकांनी नराच्या आतड्यातले जंतू लहान माद्यांच्या पोटात घातले, तर त्या माद्यांच्या रक्तात पुरुषी संप्रेरक वाढले आणि त्यांच्या जातीला होणाऱ्या मधुमेहापासून त्यांचे रक्षण झाले. जंतूही नर-मादी भेद ओळखतात म्हणायचे!

अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे. शिवाय मेंदूच्या संशोधनात केवळ नर प्राण्यांवरचे प्रयोग केवळ माद्यांवरच्या प्रयोगांच्या साडेपाच पट होते, असे २०११ च्या एका पाहणीत दिसले. मादीच्या शरीराचे ऋतुचक्र हिशेबात गोंधळ घालते, ही सबब. वाचून मला डॉक्टरांचे ते वळणे आठवले. तिथेही बाईला वगळून प्रश्न दुसऱ्याच कोणाला विचारलेला!

आता आपल्याकडचे पाहा. पोट वारंवार बिघडते, तपासणीत काही सापडत नाही, आणि मनाच्या ताणाने ते वाढते, असा जो विकार आहे, तो पाश्चात्त्य देशांत बायकांत अधिक आढळतो. आपल्या देशात मात्र दवाखान्यात येणाऱ्या अशा रुग्णांत पुरुषच जास्त असतात. याला जंतू कारण आहेत की आणखी काही, यावर विद्वान वाद घालोत. माझे मत असे की, आपल्याकडे बाईचे पोट दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोचतच नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी भारतीयांच्या आतड्यांतले जंतू पाश्चात्त्यांशी ताडून पाहिले, तेव्हा ते बरेच निराळे निघाले; तंतुमय अन्नावर पोसणारे आपल्याकडे फार. जंतू पानावरच्या अन्नावर जगतात, हे उघडच आहे. मग एकाच घरात गरम भाकरी खाणाऱ्याचे आणि आंबलेला भात खाऊन दोन दिवसांआड उपास करणारीचे जंतू एक कसे असतील? नमुने गोळा करताना 'स्त्री' आणि 'पुरुष' असे दोन रकाने आखतात, त्याच्या शेजारी 'जेवायला कोण शेवटी बसते' हा तिसरा रकाना असावा, असे मला फार वाटते. नाहीतर निसर्गाने केलेला भेद कोणता आणि स्वयंपाकघराने केलेला कोणता, हे कळणार कसे?

परवा पापडीच्या बाजारात सुकेळी घेताना ओळखीची एक म्हातारी भेटली. हा विषय डोक्यात घोळत होता, म्हणून मी विचारले, "आजी, तुमचे पोट कसे आहे?"

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग हसून म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याचे ना? त्याचे आता बरे आहे, बाय."