पिवळ्या कॉप्या

टेबलाच्या खणात सतरा कागद आहेत. चार गुलाबी, तेरा पिवळे.

बास्केटबॉलच्या स्कोअरशीटला चार पानं असतात, मधे कार्बन. वरचं पांढरं आणि त्याखालचं निळं स्पर्धा भरवणाऱ्यांचं, गुलाबी जिंकणाऱ्याचं, आणि सगळ्यांत खालचं पिवळं हरणाऱ्याचं. चौथ्या पानापर्यंत पेनाचा दाब पोचतो न पोचतो, त्यामुळे हरलेल्याच्या हाती सगळ्यांत पुसट कागद पडतो. नियम करणाऱ्यांच्या मनात तसं काही नसणार. पण तेरा वेळा तो कागद घडी घालून खिशात ठेवला की माणूस असले विचार करायला लागतो.

उल्हासनगरच्या एका कॉलेजातल्या मुलींच्या संघाचे हे कागद, तीन वर्षांचे. खेळाच्या सरांनी "तुम्हीच ठेवा, इथे उंदीर खातील" म्हणून माझ्याकडे दिले. ११ नंबरच्या पुढच्या चौकटी काही ठिकाणी मी पेन्सिलीनं गिरवल्यात, हा गुन्हा कबूल. ११ नंबर घालणारी मुलगी यंदा टी.वाय.ची परीक्षा देऊन बाहेर पडली. तिचं नाव लिहीत नाही. आम्ही तिला नावानं कधी हाक मारलीच नाही, "अकरा" म्हणायचो.

आम्ही म्हणजे कोर्टाच्या कडेच्या कठड्यावर बसणारी माणसं. अंबरनाथचे ऑर्डनन्समधून रिटायर झालेले काका, गेटसमोर चहाची गाडी लावणारे साईं, ड्यूटी सोडून येणारा वॉचमन, मी, आणि ऊन नसेल तर एफ.वाय.च्या दोन-चार मुली. एवढे तिचे चाहते. तिच्याबरोबर काय काय गेलं ते उतरवून ठेवतोय. यातलं काही तिच्या आधीच जायला निघालं होतं.

कलिंगड. बदलापूरहून उल्हासनगर म्हणजे मधे एकटं अंबरनाथ, पण सकाळच्या लेडीज डब्यात तेवढ्यासाठीही अंग चोरून उभं राहावं लागतं. जाळीच्या पिशवीतला तिचा बॉल बघून डब्यातल्या बायका म्हणायच्या, "कलिंगड मांडीवर घे गं, पायात येतंय." मांडी असायला आधी सीट लागते. अंबरनाथच्या एक काकू सीटसाठी उलट्या बदलापूरला जाऊन त्याच गाडीनं परत यायच्या. त्यांनी तिला चौथी सीट द्यायला सुरुवात केली, ती तिसऱ्या वर्षापर्यंत. त्या बाईंनी तिचा एकही सामना पाहिला नाही. तिच्या पायातली निम्मी ताकद मात्र त्या चौथ्या सीटवर वाचलेली आहे, असं माझं मत आहे.

तो बॉल तिचा स्वतःचा होता, सहा नंबरचा. कॉलेजच्या कपाटातले सगळे सातचे. २००४ पासून बायकांच्या सामन्यांना सहा नंबरचा बॉल असतो. घेर अडीचेक सेंटिमीटरनं कमी, वजनालाही हलका. फरक किरकोळ वाटतो, पण सराव सातवर आणि सामना सहावर झाला की बॉल हातातून जास्तच सुटतो आणि रिंगच्या मागच्या कडेला आपटतो. पहिल्या वर्षीचे पिवळे कागद बघा, फ्री थ्रोचे भरीव ठिपके मोजकेच दिसतील. दिवाळीच्या सुट्टीत ती कॅम्प पाचमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला बसली आणि त्या पैशांतून सहाचा बॉल आणला. दुसऱ्या वर्षापासून ठिपके वाढले. (स्कोअरशीटवर गेलेला फ्री थ्रो म्हणजे भरीव ठिपका, बास्केट म्हणजे तिरकी रेघ, आणि तीनचं बास्केट असेल तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल. हे वाचायला आलं की अख्खा सामना पुन्हा दिसतो.)

अर्धा मीटर. यावर खरं तर वेगळं लिहायला हवं.

आमचं कोर्ट सिमेंटचं. त्यावर दोन कमानी दिसतात, आतली पिवळी आणि बाहेरची पांढरी. २०१० साली तीन गुणांची रेघ सव्वासहा मीटरवरून पावणेसात मीटरवर गेली. त्याच वेळी रिंगखालचा पसरट चौकोन, तो खाली सहा मीटर रुंद आणि वर निमुळता असायचा, जाऊन सरळ आयत आला. आमच्याकडे नवीन रेघा मारल्या, जुन्या खरवडल्या नाहीत. पहिल्या पावसात पांढरा रंग उडतो आणि खालचा पिवळा पुन्हा वर येतो.

अकराची आवडती जागा नेमकी या दोन रेघांच्या मधे, डाव्या अंगाला, जिथे सिमेंटला तडा गेलाय तिथे. उजवा पाय तड्यावर, डावा थोडा मागे. उडी फारशी नाही. बॉल कपाळाच्या वर जायचा, मनगट मोडायचं आणि हात तसाच वर राहायचा, बॉल जाळीतून खाली येईपर्यंत. जाळी बहुतेक वेळा नसायचीच, त्यामुळे गेला की नाही हे आवाजावरून कळत नसे, तिच्या हातावरून कळायचं. हात खाली आला तर चुकला.

तिथून गेलेल्या बास्केटचे गुण दोन. काका मात्र दर वेळी उठून तीन बोटं दाखवत. "पिवळ्याच्या बाहेर होती!" त्यांना पांढरी रेघ मान्यच नाही. फॅक्टरीचंही तेच. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडलं, सात कंपन्या झाल्या, अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी यंत्र इंडिया लिमिटेडमध्ये गेली. काका अजून "ऑर्डनन्स" म्हणतात आणि रिक्षावालाही तिथेच नेतो. अंबरनाथमध्ये हे नवीन नाही. विम्कोची आगपेटी गेली, विम्को नाका राहिलाच ना.

माझ्या हिशेबानं सतरा सामन्यांत अकराचे गुण १६८. काकांच्या हिशेबानं १८३. मधले पंधरा तड्यावरचे. मी काकांशी वाद घालणं सोडलं. नागपाड्याला जाऊन गुलाम अब्बास मुंतसीरला खेळताना पाहिलेला माणूस आहे तो. भारताचा कर्णधार, १९७० चा अर्जुन पुरस्कार. मुंबईच्या बास्केटबॉलचा विषय निघाला की काका नागपाड्यावरून सुरू होतात आणि नागपाड्यावरच संपतात. अकराबद्दल त्यांनी एकदाच म्हटलं, "हिचं मनगट नागपाड्याचं आहे." ती लाजली. नागपाडा कुठे आलं हे तिला माहीत नव्हतं, ते तिनं नंतर मला विचारलं.

चार ते पंधरा. जर्सीचे नंबर पूर्वी एवढेच. रेफरी गुण बोटांनी दाखवतो, एक, दोन, तीन. त्यात गोंधळ नको म्हणून खेळाडूंचे नंबर चारपासून. बारा खेळाडू, बारा नंबर. २०१४ नंतर शून्यापासून नव्याण्णवपर्यंत मोकळीक मिळाली. आमचा सेट जुना आहे, गजानन मार्केटच्या बाजूला शिवून घेतलेला, अंगाला चिकटणाऱ्या कापडाचा. ११ च्या पाठीवरचा दुसरा एक अर्धा सुटलाय, लांबून १ वाटतो.

साईंचा हिशेब. गुलाबी कागद आला की त्या दिवशी संघाला चहा फुकट. तीन वर्षांत चार वेळा. पिवळा आला की "अरे साईं, कटिंग तो पियो" म्हणून तोही फुकट. त्यामुळे यात त्यांना काय फायदा झाला ते कळत नाही. शेवटच्या सामन्यानंतर त्यांनी घरून दाल पकवान आणलं होतं.

दहा गुण. मुंबई विद्यापीठ खेळणाऱ्याला दहा ग्रेस गुण देतं. तीन वर्षं, जाळीतलं कलिंगड, चौथी सीट, धागा कटिंग, आणि शेवटी दहा. घरच्यांना हेच सांगून तिनं खेळायची परवानगी काढलेली. मला हे दहा गुण कधी अपमान वाटतात, कधी सोय. तिला सोय वाटायची. ती माझ्यापेक्षा शहाणी आहे.

सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाचा विषय कठड्यावर वरचेवर निघायचा. त्याला पदक लागतं, आणि ते पिवळ्या कागदातून निघत नाही. विद्यापीठाच्या संघात यावं, तिथून विद्यापीठांच्या अश्वमेध स्पर्धेला जावं, राज्याकडून खेळावं, मग पुढचं. रस्ता आहेच. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या संघापर्यंत पोचली. २०१७ मध्ये बंगळूरला कझाकस्तानला दोन गुणांनी हरवून आशिया चषकाचा ‘ब’ विभाग जिंकणाऱ्या संघात ती होती. अकराच्या मोबाइलच्या कव्हरमागे तिचा पेपरातला फोटो असायचा. दुसऱ्या वर्षी अकरा विद्यापीठाच्या निवड चाचणीला गेली होती. परत आली तेव्हा कुणी काही विचारलं नाही. साईंनी कटिंग दिला.

अमेरिकेत कॉलेजचा खेळाडू निघाला की त्याचा सोहळा असतो. आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कनं कॉलेजात ३,९५१ गुण केले, पीट मॅराविचचा ३,६६७ चा जुना आकडा मार्च २०२४ मध्ये मागे टाकला, आणि पुढच्या फेब्रुवारीत तिची २२ नंबरची जर्सी विद्यापीठानं छताला टांगली. तो नंबर तिथे आता कुणी घालणार नाही. हे मी कठड्यावर वाचून दाखवलं. वॉचमन म्हणाला, "आपल्याकडे छतच नाही."

शेवटचा कागद. पिवळा. ४१–५२. मुंबईतलं कोर्ट, आत, लाकडी, जाळीसुद्धा होती. तिला तिथे आवाज विचित्र वाटला असणार. मी स्कोअरच्या टेबलामागे खुर्चीत होतो. टेबलावरचा मुलगा नेमानं पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं पेन घेत होता. कार्बनखाली सगळं एकाच रंगाचं होतं, त्यामुळे माझ्याकडच्या कागदावर हे दिसत नाही. तिचे १३ गुण. डाव्या अंगाला तिनं सवयीनं पायानं तडा शोधला, एकदा खाली बघितलंसुद्धा. सपाट लाकूड. तिथून तीन वेळा मारला, एकदा गेला.

तीन मिनिटं उरली असताना पाचवा फाउल. खरं तर तिनं हात वर केला होता, धक्का मागून आलेल्या मुलीचा, पण शिट्टी वाजली ती वाजली. नंबरापुढे पाच चौकटी असतात, पाचवीत P भरला की बाहेर. बाहेर येताना तिनं बॉल रेफरीकडे टप्पा देऊन दिला, फेकला नाही. बाकावर बसून बुटांच्या लेस सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. दोन्ही पायांच्या.

सामना संपला की शेवटच्या आकड्याखाली दोन जाड आडव्या रेघा मारतात आणि उरलेल्या कोऱ्या आकड्यांवरून एक तिरकी. चौथ्या पानावर जाड रेघाही बारीकच उमटतात.

मे महिन्यात ती नो ड्यूजसाठी आली. जर्सी आणि शॉर्ट जमा केल्याशिवाय सही नाही. धुऊन, इस्त्री करून आणली होती. सुटलेला दुसरा एक घरी शिवून घेतलेला, दोरा जरा वेगळ्या पांढऱ्याचा. कठड्यावर आम्ही तिघंच होतो. काकांनी विचारलं, "आता?" ती म्हणाली, "डोंबिवलीला अकाउंट्सला लागलेय, काका. नऊची ड्यूटी." बॉल? तो बदलापूरला घरीच आहे. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये टप्पा मारला तर खालचे ओरडतात.

जूनमध्ये नव्या मुली आल्या. त्यांतल्या एका उंच मुलीनं सरांकडे २३ नंबर मागितला. सर म्हणाले, चार ते पंधरातला घे. बाकीचे वाटून झाले होते, अकराच उरला होता. तिला तो खांद्यात मोठा होतो. दोन्हीकडे टाचण्या लावल्यात.