चंबळेपासून झाशीपर्यंत, सायकलने

पुण्या-मुंबईच्या सायकलवाल्यांची वारी ठरलेली असते. गोवा, कारवार, मंगळूर करत समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि कन्याकुमारी गाठायची. तो किनारा आमच्या टोळीचा करून झाला होता. म्हणून या खेपेला तोंड उत्तरेला वळवलं आणि आग्र्याहून ग्वाल्हेरमार्गे झाशी असा बेत आखला. अंतर जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर, आणि चढ म्हणावा असा एकच, तोही किल्ल्याचा. पट्टीच्या सायकलवाल्याला हा पोरखेळ वाटेल. पण दख्खनेतून हिंदुस्थानात गेलेल्या मराठी फौजा, कारकून, भिक्षुक आणि गवई या पट्ट्यात जेवढे वावरले, तेवढे नर्मदेपलीकडे फार थोड्या ठिकाणी वावरले असतील.

धौलपूर मागे पडलं की मोहरीची पिवळी शेतं एकाएकी संपतात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना माती फाटत जाते. पावसाने कोरलेल्या या घळयांना इथे बीहड म्हणतात. काही तर आख्खं घर गडप होईल इतक्या खोल आहेत. मग चंबळेचा पूल येतो. अलीकडे राजस्थान, पलीकडे मध्य प्रदेश. सायकली कठड्याला टेकवून खाली पाहिलं तर पाणी हिरवट आणि नितळ, आणि वाळूच्या दांड्यावर एक घडियाल आपला अरुंद लांब जबडा वर करून ऊन खात पडलेला. डाकूंच्या धाकाने ज्या नदीकाठी माणूस फिरकत नव्हता, ती आज घडियालांसाठी राखलेली आहे.

१७६०च्या जूनमध्ये सदाशिवरावभाऊंची फौज ही चंबळ उतरून उत्तरेला गेली. बरोबर बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे. पुढे पावसाने नद्या फुगल्या, यमुनेला उतार मिळेना आणि मोहिमेचे मोलाचे आठवडे काठावरच गेले. पानिपतावर काय झालं ते आपल्याला शाळेपासून पाठ असतं, पण त्याआधीची ही नद्यांची अडवणूक आपण दोन ओळींत उरकतो. लांबवर दिसणाऱ्या पुलाकडे वाऱ्याविरुद्ध पायडल मारत जाताना ती उरकता येत नाही.

मुरैन्यात बाभळीच्या काट्याने आमच्यातल्या एकाचं मागचं चाक बसवलं. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवता फिरवता विचारलं, "कहाँ से?" पुण्याहून, म्हटल्यावर तो निवांतपणे म्हणाला, "अच्छा, महाराज के यहाँ से." महाराज म्हणजे शिंदे. त्याच्या लेखी दक्षिणेकडून आलेला प्रत्येक माणूस शिंद्यांच्याच घरचा. समोरच्या दुकानातून तिळाची गजक घेतली. थंडीत तीळ-गुळाएवढं चांगलं इंधन सायकलवाल्याला दुसरं नाही.

ग्वाल्हेरचा किल्ला गाव लागण्याच्या कितीतरी आधी दिसतो. पायी जाणारे पूर्वेकडून हत्ती पोळीच्या वाटेने चढतात. चाकांची वाट पश्चिमेच्या उरवाई दरवाजाची. इथे गिअर कितीही खाली आणला तरी दम लागतोच, आणि ते बरं असतं, कारण थांबत थांबत गेल्यावर कड्यात कोरलेले तीर्थंकर नीट पाहता येतात. पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळात कोरलेल्या या मूर्तींपैकी सर्वांत मोठी पन्नास फुटांहून उंच आहे. बाबराने त्या विद्रूप करायला लावल्या आणि तसं आत्मचरित्रात लिहूनही ठेवलं. वर मानसिंह तोमराचा महाल, त्याच्या भिंतीवर निळ्या-पिवळ्या फरशांची बदकं आणि केळीची झाडं. मोगलांनी या किल्ल्याचा तुरुंग केला होता. शिखांचे सहावे गुरू हरगोविंद इथेच कैदेत होते आणि औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादबक्षला, इथेच मारवलं.

उतरताना सायकली वरच ठेवून पूर्वेच्या वाटेने चतुर्भुज मंदिरापर्यंत पायी गेलो. एकाच खडकात कोरलेलं छोटंसं देऊळ, आत इ. स. ८७६चा शिलालेख. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांबीची जमीन आणि रोज ५० हार, असा त्यातला हिशेब. त्या २७० आणि ५० मधलं शून्य इतकं लहान आणि गोल आहे की बोट दाखवल्याशिवाय सापडत नाही.

किल्ल्याच्या पायथ्याचं लष्कर हे शिंद्यांचं गाव. दौलतराव शिंद्यांनी १८१०मध्ये इथे छावणी टाकली, राजधानी उज्जैनहून इकडे आली आणि तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले. शिंदे की छावनी, फालका बाजार, दौलतगंज, कंपू अशा पाट्या वाचत सायकल महाराज बाड्यावर पोचते. गल्लीतल्या एका जुन्या वाड्यात आजींनी आम्हाला हटकून आत बोलावलं, पोहे केले आणि "सायकलने कशाला रे, गाड्या नाहीत का?" असं शुद्ध मराठीत विचारून नातवाला हिंदीत चहा टाकायला सांगितला.

१८५८च्या १ जूनला तात्या टोपे, रावसाहेब आणि राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरलगतच्या मुरारवर चालून आले. शिंद्यांची फौज त्यांना मिळाली आणि जयाजीराव आग्र्याकडे निघून गेले, म्हणजे आम्ही जिथून आलो तिकडेच. राणी पुढे तीन आठवडेही जगली नाही. फूलबागेजवळ तिची समाधी आहे. किल्ला इंग्रजांनी ठेवून घेतला आणि १८८६मध्ये तोवर शिंद्यांकडे असलेल्या झाशी शहराच्या बदल्यात त्यांना परत केला. राणीने जी झाशी देणार नाही म्हटलं, ती अशी किल्ल्याच्या मोबदल्यात वळती झाली. समाधीवर येणाऱ्या मराठी पर्यटकांपैकी किती जणांना हा व्यवहार ठाऊक असतो?

याच गावाने आपल्याला गाणं दिलं. हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी इथे शिकवत. त्यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि ख्यालगायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. मिरजेत त्यांच्या हाताखाली विष्णू दिगंबर पलुस्कर तयार झाले.

झाशीच्या वाटेवर आंतरी लागतं. १६०२मध्ये दख्खनेतून परतणाऱ्या अकबराच्या अबुल फझलला शाहजादा सलीमच्या सांगण्यावरून बीरसिंह देव बुंदेल्याने या भागात गाठून मारलं. त्याची कबर आंतरीत आहे, साधी आणि निर्मनुष्य. डबऱ्याहून हमरस्ता सोडून आम्ही पवायाकडे वळलो. सिंध आणि पार्वती यांच्या संगमावरचं हे खेडं म्हणजे नाग राजांची पद्मावती. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने 'मालतीमाधव' या नगरीत घडवलं आणि इथल्या नद्यांचं वर्णन केलं. हजारभर वर्षांनी ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे मो. ब. गर्दे यांनी इथे उत्खनन केलं. इथे मिळालेला मणिभद्र यक्ष आता ग्वाल्हेरच्या गुजरी महालातल्या संग्रहालयात आहे. संगमावर म्हशी डुंबत होत्या आणि विटांच्या प्राचीन चौथऱ्यावर पोरांचं क्रिकेट चाललं होतं.

दतियाचा सात मजली महाल बीरसिंह देवाचा, आणि झाशीचा किल्लाही त्याचाच. संध्याकाळी त्या किल्ल्याखाली पोचलो तेव्हा आठवण झाली ती विष्णुभट गोडशांची. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून १८५७मध्ये काकांबरोबर पायी निघाला, बंडाच्या वणव्यात सापडला आणि झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहून घरी परतला. त्याचा 'माझा प्रवास' १९०७मध्ये छापून आला. तो काही लढायला आला नव्हता, चार पैसे मिळवायला आला होता. वासुदेवबुवा गाणं शिकवत राहिले, गर्दे माती उकरत राहिले. या पट्ट्यातलं मराठीपण आपण फक्त लढायांत मोजतो, तिथेच चुकतो.

रेल्वेने ग्वाल्हेर-झाशी अंतर तासा-सव्वातासात कापलं जातं आणि यातलं काहीच दिसत नाही. संपूर्ण टप्पा जमत नसेल तर निदान हे शंभर किलोमीटर सायकलने करा. धुकं सरल्यावर, फेब्रुवारीत जा. हमरस्त्यावर ट्रक फार असतात, म्हणून पहाटे निघा आणि जादा ट्यूब जवळ ठेवा. निघण्याआधी गोडसे भटजी वाचा आणि पवायाचा फाटा चुकवू नका.