बांधापलीकडची अ‍ॅम्बॅसिडर

करवीर तालुक्यातील एका उसाच्या फडालगत, पडीक तुकड्यात, आम्हांस तीन जुन्या मोटारी दिसल्या. दोन फियाटांचा पत्रा गंजून चाळणी झालेला. अ‍ॅम्बॅसिडरचा टप तेवढा शाबूत. विजयादशमीला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा सारे कोल्हापूर तिला पाहायला लोटते. अ‍ॅम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, तेव्हा आम्ही (मराठीचे अध्यापक!) हळहळण्यापलीकडे काही केले नाही. येथे उभे राहून मात्र आम्ही ‘भग्नावशेष’ वगैरे शब्द जुळवू लागलो. मालक म्हणाले, “वैरण ठेवतोय की सर हितं. पावसात भिजत न्हाई.”

वडिलांना शेवटचे दवाखान्यात नेले ते अशाच गाडीतून. हे त्यांना सांगितले नाही. मागचे दार उघडले. बैठक नव्हती, कडब्याच्या पेंढ्या होत्या.