पालथं कार्ड

जुन्या बाजारात कार्ड हातात आलं की मी ते आधी पालथं करते. विक्रेत्यांना आता ही सवय ठाऊक झाली आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी पथारी मांडणारा एक जण तर मला पाहिलं की खोक्यातली कार्डं पाठ वर करूनच पुढे सरकवतो. चित्राच्या बाजूला राजाबाई टॉवर असो, व्हिक्टोरिया टर्मिनस असो की रविवर्म्याची लक्ष्मी, ती छापील बाजू शोधली तर आणखी दहा ठिकाणी सापडते. पाठीवरचं अक्षर एकदाच उमटलेलं असतं.

बावीस वर्षं मी हे कागद जमवते आहे. पोस्टकार्डं, घरगुती फोटो, दिवाळीची भेटकार्डं, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेल्या लग्नपत्रिका. पण जीव सगळ्यात जास्त अडकला तो संक्रांतीच्या तिळगूळ-कार्डांत. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना ती आठवत असतील. तळहातावर मावणारं जाडसर कार्ड, वर पतंग किंवा तिळगुळाची वाटी, नाहीतर हलव्याचे दागिने घातलेलं बाळ, खाली ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’. सोबत कागदाच्या इवल्या पुडीत हलव्याचे चार दाणे. पाकिटावर शिक्क्याचा ठोका बसला की त्या दाण्यांचा भुगा व्हायचा, तरी लोक पाठवायचे आणि घरातली मुलं तो भुगा चिमटीनं वाटून खायची. परगावी दिलेल्या लेकीला, बोर्डिंगातल्या भावाला, बदलीच्या गावच्या जुन्या शेजाऱ्यांना गोड बोला हे सांगण्याची ही पोस्टातून जाणारी रीत आपल्याकडची, आणि तिचे कागद फार थोड्यांनी ठेवले. भेटकार्ड म्हणजे सण संपला की रद्दी, असाच सगळ्यांचा हिशेब होता.

पाठ वाचायला शिकायचं तर पोस्टाचा थोडा इतिहास हाताशी लागतो. जगातलं पहिलं पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ रोजी निघालं. आपल्याकडे ते १ जुलै १८७९ ला आलं, किंमत पाव आणा. सुरुवातीला एक अख्खी बाजू फक्त पत्त्यासाठी राखीव असे. त्यामुळे चित्रांची कार्डं आली तेव्हा लिहिणाऱ्याला जागाच उरली नाही; तो चित्राच्या कडेनं, आकाशात, समुद्रात, मिळेल तिथे मुंगीच्या अक्षरात लिही. ब्रिटननं १९०२ मध्ये पत्त्याच्या बाजूवर मधोमध रेघ मारून अर्धी बाजू मजकुराला दिली, आणि काही वर्षांत आपल्याकडेही तसंच झालं. म्हणून पाठीवर मधली रेघ नसेल आणि मजकूर चित्रावर चढला असेल, तर कार्ड विसाव्या शतकाच्या अगदी उंबरठ्यावरचं असण्याचा संभव मोठा. म. वि. धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसं रंगवली, त्या चित्रांची कार्डं याच सुमाराची. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘जर्मनीत छापले’ किंवा ‘सॅक्सनीत छापले’ असं इंग्रजीत आढळलं, तर ते बहुधा पहिल्या महायुद्धाच्या आधीचं. तोवर आपल्या शहरांची चित्रंसुद्धा तिकडून छापून येत होती.

तिकिटावर राणी आहे की राजा, कोणता राजा, हे कुणीही सांगेल. मला जास्त विश्वासाचा वाटतो तो पत्ता. ‘मुंबई ४’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते गिरगावचं, आणि बहुधा पिनकोडच्या आधीचं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला आणि ‘मुंबई ४’चं ४०० ००४ झालं, ‘पुणे ३०’चं ४११ ०३०. ही सहा आकड्यांची योजना ज्यांनी आखली ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले कोकणातले, पोस्टखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांचं नाव घरोघर माहीत असायला हवं होतं. ‘जि. कुलाबा’ असेल तर साधारण १९८१ च्या आधीचं, कारण त्या वर्षी कुलाब्याचा रायगड झाला. भेटकार्डाच्या पाठीवर किंमत ‘न. पै.’मध्ये छापली असेल तर ते कार्ड १ एप्रिल १९५७ ते १ जून १९६४ या सात वर्षांतलं, कारण तेवढाच काळ आपला पैसा ‘नवा’ होता. आणि मायना तर आहेच. ‘ती. स्व.’, ‘सा. न. वि. वि.’, ‘अ. उ. आ.’ या चार-दोन अक्षरांवरून लिहिणारा धाकटा की मोठा, पत्र वडिलांना की लेकीला, ते नाव न वाचताही कळतं.

हे सगळं मला आज येतं. तेव्हा येत नव्हतं, आणि त्यापायी मी एक चूक केली आहे.

संग्रहाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षीची गोष्ट. एका भंगारवाल्याकडे सुतळीनं करकचून बांधलेला गठ्ठा मिळाला. “ताई, एकगठ्ठा घ्या, सुटं देत नाही,” तो म्हणाला. घरी येऊन सुतळी सोडली. एकाच घरातले कागद होते. कुलाबा जिल्ह्यातल्या एका गावी दिलेल्या बहिणीला गिरगावातल्या थोरल्या भावानं लिहिलेली पोस्टकार्डं, संक्रांतीची भेटकार्डं, दोन लग्नपत्रिका, एक मोडीतली यादी, अकरा फोटो. मला कोण आनंद झाला! त्याच रात्री मी सगळं चटईवर पसरलं आणि नीट लावलं. नीट म्हणजे मला तेव्हा वाटत होतं तसं: संक्रांतीची कार्डं एका अल्बममध्ये, पत्रिका एका फाइलीत, फोटो वेगळ्या डब्यात. सुतळी टाकून दिली.

कित्येक वर्षांनी त्यातलं एक तिळगूळ-कार्ड पुन्हा हातात आलं. समोर पितळी वाटी, वाटीवर उगवता सूर्य, सोनेरी शाई पुसट झालेली. डाव्या कोपऱ्यात हलव्याचा गुलाबी रंग उतरून डाग पडलेला, आणि त्याच्या भोवती साखरेनं कागद किंचित फुगलेला. बोटाला अजून ते खरबरीत लागतं. पाठीवर किंमत ‘१२ न. पै.’. खाली भावाच्या उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात तीनच ओळी. यंदा आपल्याला सण नाही हे तुला ठाऊकच आहे. हलवा बाजारचा आहे. मुलांसाठी चार दाणे पाठवतो, त्यांना नाही म्हणू नकोस.

आपल्याला सण नाही. म्हणजे त्या वर्षात घरातलं कुणी गेलं होतं. हलवा बाजारचा, म्हणजे दरवर्षी शेगडीवर परात ठेवून, पाकाचे थेंब घालत, हातानं दाणे फिरवून काटा आणणारी बाई आता नव्हती. आईच असावी. मी घाईनं बाकीची पत्रं काढली, ती बातमी शोधायला. सापडली नाही, सापडणारही नव्हती. अशुभाचं कार्ड आपल्या घरांतून ठेवत नसत. वर ‘श्री’ नसे, कोपरा फाडलेला असे, ते उंबऱ्याच्या आत न आणता वाचायचं आणि फाडून टाकायचं. बावीस वर्षांत माझ्याकडे हजारो कागद आले, त्यांत तशी फक्त दोन कार्डं आहेत. जुन्या कागदांच्या कुठल्याही संग्रहात लग्नं आहेत, बारशी आहेत, परीक्षेचे निकाल आहेत, मृत्यू जवळजवळ नाही. आपल्या लोकांनी त्याचा कागद ठेवला नाही. तो कळतो असा, गोड बोलण्याच्या कार्डाच्या पाठीवर.

मग मला त्या कार्डाचं वर्ष हवं होतं. पाकिटावरचं तिकीट कुणीतरी कात्रीनं कापून घेतलेलं, त्याबरोबर शिक्काही गेलेला. न. पै.वरून १९५८ ते १९६४ अशा सात संक्रांती. छापील कार्ड दुकानात पडून राहू शकतं, तरी बाकीच्या तिळगूळ-कार्डांपैकी चारांवर तारखा होत्या, तेवढी वर्षं वजा केली. उरल्या तीन संक्रांती: १९५९, १९६२ आणि १९६४. यांतली कोणती, ते मला आजही सांगता येत नाही. बहिणीनं पत्रं येतील तशी एकावर एक ठेवली होती. ते कार्ड गठ्ठ्यात कोणत्या दोन पोस्टकार्डांच्या मध्ये होतं, एवढं कळलं असतं तरी वर्ष हाती आलं असतं. तो क्रम कित्येक दशकं त्या सुतळीनं सांभाळला, आणि मी एका रात्रीत मोडला. फोटोंमध्ये एक बोरन्हाणाचा आहे: सहा सेंटिमीटरचा चौरस, बहुधा बडोद्याला बनणाऱ्या आग्फा क्लिक-३ नं घेतलेला. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, रडवेलं बाळ, मागे पदर सावरणारी एक वयस्क बाई. ती आईच असेल, तर हलवा तिच्या हातचा. फोटोच्या पाठीवर काहीच नाही.

त्या दिवसापासून माझं काम बदललं. गठ्ठा आला की आधी जसाच्या तसा फोटो काढते, मग वरून खाली एकेका कागदाच्या पाठीवर, कोपऱ्यात, पेन्सिलीनं आकडा घालते. सगळ्यांवर आकडे पडेपर्यंत काही वेगळं काढत नाही. कुठून आला, कधी, कुणी दिला, हे वहीत. विषयवार लावायची हौस स्कॅन केलेल्या चित्रांवर भागवते; कागद आपल्या शेजाऱ्यांसोबतच राहतात. माझ्या ओळखीचे काही संग्राहक याला नाक मुरडतात, कारण सुटं कार्ड लवकर विकलं जातं आणि एकट्या धुरंधरांच्या कार्डाला अख्ख्या गठ्ठ्याहून जास्त पैसे येतात. त्यांचा व्यवहार मला समजतो. पण घर फोडून विकलेल्या कार्डाला मी संग्रह म्हणत नाही.

सांभाळायचं तंत्र अवघड नाही, फक्त चिकाटी लागते. आपला शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर मी अल्बम भिंतीला टेकवून ठेवत नाही, कोरडी हवा पडली की पंख्याखाली उघडते, उन्हात कधीच नाही. कसर लागते ती खळीला, म्हणून खळीनं चिकटवलेली पानं आधी तपासते. सेलोटेप कुठेही लावू नये. दहा वर्षांत तिचा पिवळा डाग कागदाच्या आरपार जातो. वास येणारी मऊ प्लास्टिकची पाकिटं फोटोला चिकटतात, त्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनची घ्यावीत. चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेला फोटो ओढू नये. दात साफ करायचा दोरा त्याच्यामागून हळूहळू सरकवत न्यावा. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो लाल पडत चालले आहेत, कारण त्यांतला निळसर रंग आधी उडतो. ते आधी स्कॅन करावेत.

इतकं करूनही फोटोतली माणसं कोण, हे तंत्रानं कळत नाही. ते सांगणारी माणसं तुमच्या घरात आहेत, आणि दरवर्षी एखाददुसरं कमी होतं आहे.

म्हणून एक मागणं आहे. या संक्रांतीला आत्या, मावशी, काका तिळगूळ द्यायला आले, की जुना अल्बम किंवा माळ्यावरचा डबा खाली काढा. एखादं कार्ड रद्दीत घालायचं असेल तर आधी गठ्ठ्याचा क्रम लिहून ठेवा, तिकीट कापू नका. फोटोतल्या प्रत्येकाचं नाव, नातं, गाव विचारा आणि पाठीवर २बी किंवा ४बी पेन्सिलीनं लिहा. बॉलपेनानं नको, त्याचा वळ समोरच्या चेहऱ्यावर उमटतो. नव्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे फोटो पाकिटात घालायच्या आधी पाकिटावर लिहा. लिहिताना फोटो काचेवर पालथा ठेवा, हात हलका असू द्या.