झाकली मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण झाकणाऱ्याला तरी आत काय आहे ते ठाऊक असतं का? इराणचे शिया धर्मगुरू अब्दुलकरीम हायरी यांच्याबद्दल वाचताना मी इथेच अडकतो.

१९२२ साली ते अराकहून कुमला आले आणि तिथला हौजा, म्हणजे शिया विद्यापीठच म्हणा, नव्याने उभा केला. पुढे १९२८च्या नवरोजला इराणचा शहा रझा याची राणी कुममधल्या फातिमा मासूमांच्या दर्ग्यात आली. चेहरा नीट झाकला नाही म्हणून तिथले धर्मगुरू शेख बाफकींनी हटकलं. शहा बुटांसकट दर्ग्यात शिरला. बाफकींना मारहाण झाली. हायरींनी काय केलं? या प्रकरणाची चर्चा करणंच शरियतविरुद्ध आहे, असं जाहीर केलं. हौजा वाचला.

आमच्याकडे झाकल्या मुठीची म्हण थोरल्या काकांसाठी राखून ठेवलेली. वाटण्यांच्या बैठकीत सगळे भांडत, काका सुपारी कातरत बसत. सगळ्यांना वाटे, यांना बरंच काही माहीत आहे. त्यांच्यासमोर आवाज आपोआप खाली येई. आई म्हणे, त्यांच्या गप्प बसण्यावरच घर उभं आहे. ते गेल्यावर त्यांच्या वह्या उघडल्या, तर दुधाचा हिशेब. पानोपान दुधाचाच. कुणी हसलं नाही. पण घर तोवर टिकलं होतं, हेही खरंच. मग मूठ रिकामी होती म्हणायची का?

हायरींची मूठ रिकामी नव्हती, एवढं तरी दिसतं. विद्यार्थ्यांनी परकी भाषा शिकावी, अशी त्यांची इच्छा होती. इराणी धर्मपंडित मुर्तझा मुतहरींनी लिहिलंय की बाजारातले देणगीदार कुमला आले आणि म्हणाले, आम्ही पैसे देतो ते काफिरांची भाषा शिकवायला नाही. हायरींनी बेत सोडला. म्हणजे शहापुढे गप्प, व्यापाऱ्यांपुढेही गप्प. पहिल्या मौनाला मी मुत्सद्दीपणा म्हणतो आणि दुसऱ्याला म्हणताना जीभ अडखळते, ती का? हौजा दोन्ही वेळा वाचलाच की.

१९३६ साली इराणात बायकांच्या पडद्यावर बंदी आली. त्याआधी हायरींनी शहाला तार केली होती, पण ती विनवणीच्या सुरातली. वर्षभराने, जानेवारी १९३७मध्ये, ते गेले. पुढे इराणच्या इस्लामी क्रांतीचे नेते झालेले खोमेनी त्यांचे विद्यार्थी. आता हे जमेच्या बाजूला लिहायचं की खर्चाच्या, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला तर हायरींनी खोमेनींना शिकवलं ते बोलायला की थांबायला, हेही नीट सांगता येत नाही.