रेणापूर: नकाशावरून उतरलेला मतदारसंघ

महाराष्ट्राचे माजी उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे विधानसभेवर पाच वेळा निवडून गेले. कोठून, असे विचारले तर आजचा बहुतेक तरुण परळीचे नाव घेईल. मुंडे परळीतून विधानसभेवर एकदाही निवडून गेले नाहीत. त्यांचा मतदारसंघ होता रेणापूर, आणि त्या नावाचा मतदारसंघ आज महाराष्ट्रात नाही. आजचा थ्रेड त्या नाहीशा झालेल्या नावाचा.

रेणापूर हे लातूरच्या उत्तरेला, रेणा नदीच्या काठचे, रेणुकादेवीचे गाव. आज ते लातूर जिल्ह्यात तालुक्याचे ठिकाण आहे. पूर्वी मात्र ते बीड जिल्ह्यात, अंबाजोगाई तालुक्यात होते. हे अंबाजोगाई म्हणजे निजामकाळातले मोमिनाबाद. स्वामी रामानंद तीर्थांनी तेथील शाळेत शिकवले, आणि त्यांच्याच नावाच्या महाविद्यालयात पुढे मुंडे आणि प्रमोद महाजन यांची गाठ पडली.

या भूमीचा राजकीय स्वभाव समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. बीड हा कोणत्याही एका पक्षाचा बालेकिल्ला कधीच नव्हता. १९५२ साली, हैदराबाद राज्यात असताना, येथून लोकसभेवर रामचंद्र गोविंद परांजपे गेले ते पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे उमेदवार म्हणून. तेलंगणातील सशस्त्र लढ्यामुळे हैदराबादेत कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती, म्हणून डाव्यांनी हे नाव धारण केले होते. १९६७ साली तर बीडकरांनी थेट साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून दिल्लीला धाडले. १९७७ साली मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. मधल्या काळात काँग्रेसही जिंकत राहिली. ज्या जिल्ह्याला आज जातीच्या गणितापलीकडे काही ठाऊकच नाही असे सरसकट म्हटले जाते, त्याचा हा पूर्वेतिहास विसरण्याजोगा नाही.

आता १९८०. भारतीय जनता पक्षाची स्थापना ६ एप्रिलची, आणि राज्यातील विधानसभेचे मतदान मे महिन्याच्या अखेरचे. पक्षाला दोन महिनेही झालेले नव्हते. राज्यभरात त्याचे अवघे १४ आमदार निवडून आले. त्यांतला एक रेणापूरचा होता: नाथ्रा गावचा, वयाच्या तिशीत नुकताच आलेला गोपीनाथ पांडुरंग मुंडे.

दोन वर्षांनी एक प्रशासकीय घटना घडली. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर हा नवा जिल्हा वेगळा काढला गेला आणि रेणापूरचा भाग बीडमधून काढून त्याला जोडण्यात आला. जिल्ह्याची सीमा हलली. मतदारसंघाची सीमा मात्र हलली नाही.

ती का हलली नाही, हा या कथेतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मतदारसंघांची फेररचना २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली. कुटुंबनियोजन यशस्वी करणाऱ्या राज्यांच्या जागा लोकसंख्या घटली म्हणून कमी होऊ नयेत, हा त्यामागचा विचार. हेतू राष्ट्रीय होता, पण परिणाम गावपातळीवर उमटला. सरकारने जिल्हे कितीही फोडले तरी मतदारसंघ १९७१ च्या जनगणनेच्या साच्यातच राहिले. त्यामुळे २६ वर्षे रेणापूर परिसरातील माणसाचा जिल्हाधिकारी लातूरला, जिल्हा परिषद लातूरला, आणि आमदार परळीकडचा. मतदारसंघाला नाव लातूर जिल्ह्यातील गावाचे, नेता बीड जिल्ह्यातला. आणीबाणीच्या काळात दिल्लीत झालेल्या एका दुरुस्तीची ही मराठवाडी सावली म्हणावी लागेल.

हा मतदारसंघ मुंडे यांना आंदण मिळाला होता, असा समज मात्र करून घेऊ नये. मार्च १९८५ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येला चार महिने होत असताना, काँग्रेसच्या पंडितराव दौंड यांनी त्यांचा पराभव केला. आजच्या कथनात हा पराभव बहुधा एका ओळीत उरकला जातो. वस्तुतः या मतदारसंघाच्या इतिहासातले ते सर्वांत बोलके पान आहे. घरचा मतदारही पाच वर्षांत पाठ फिरवू शकतो, हे रेणापूरने दाखवून दिले. पराभवानंतर मुंडे प्रदेशाध्यक्ष झाले, राज्यभर फिरले, आणि १९९० साली परतले तेव्हा भाजपचे आमदार ४२ झाले होते. पुढच्याच वर्षी ते विरोधी पक्षनेते झाले. १९९५ साली युतीचे सरकार आले आणि रेणापूरचा आमदार राज्याचा उपमुख्यमंत्री व गृहमंत्री झाला. १९९९ आणि २००४ सालीही तेथून तेच निवडून आले. १९९५ च्याच निवडणुकीत शेजारच्या लातूरने आपल्या विलासराव देशमुखांना पाडले होते. दोन शेजारी मतदारसंघ, दोन घनिष्ठ मित्र, परस्परविरोधी पक्ष, आणि दोघांनाही घरच्याच मतदाराने एकेकदा घरी बसवलेले.

मग गोठलेला बर्फ वितळला. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००१ ची जनगणना आधार धरून नव्या सीमा आखल्या आणि त्या २००८ साली लागू झाल्या. राज्याच्या एकूण जागा २८८ च राहणार होत्या, म्हणजे एकाला द्यायचे तर दुसऱ्याचे काढायचे. लोकसंख्येने फुगलेल्या ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला २४ जागा आल्या. बीडच्या सातांतल्या सहा उरल्या. चौसाळा हा मतदारसंघ गेला, तसेच रेणापूरही गेले. विधानसभेचा मतदारसंघ शक्यतो एकाच जिल्ह्यात असावा या तत्त्वानुसार जुन्या मतदारसंघाची दोन शकले झाली. परळीकडचा भाग ‘परळी’ या नावाने बीड जिल्ह्यात राहिला आणि रेणापूर तालुका ‘लातूर ग्रामीण’मध्ये गेला. अशा फेररचना जगभर होतात. २०२४ साली ब्रिटिश संसदेत वेल्सच्या जागा ४० वरून ३२ वर आल्या आणि तेथीलही कित्येक जुनी नावे पुसली गेली.

१८३२ पूर्वीच्या इंग्लंडमध्ये ‘ओल्ड सेरम’ नावाचा एक मतदारसंघ होता. तेथील वस्ती केव्हाच उठून गेली होती, तरी तो दोन खासदार पाठवीत असे. रेणापूरचे झाले ते याच्या अगदी उलट. माणसे, शेते, मतदान केंद्रे सारी जागच्या जागी राहिली आणि फक्त नाव उठून गेले.

२००९ च्या मे महिन्यात मुंडे बीडमधून लोकसभेवर गेले. ऑक्टोबरमध्ये नव्या परळी मतदारसंघातून त्यांची कन्या पंकजा निवडून आल्या. २०१४ साली पंकजा आणि चुलतबंधू धनंजय यांच्यातील लढतीत पंकजा जिंकल्या, २०१९ साली धनंजय. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे त्या घराण्याच्या लढतीवर रोखलेले राहिले. जुन्या मतदारसंघाला ज्याचे नाव होते, त्या दुसऱ्या शकलाकडे फारसे कोणी पाहिले नाही.

पाहण्यासारखे मात्र तेथे बरेच होते. २०१९ साली लातूर ग्रामीणची जागा युतीच्या वाटपात भाजपकडून शिवसेनेकडे गेली. काँग्रेसचे धीरज देशमुख, म्हणजे विलासरावांचे पुत्र, मोठ्या फरकाने जिंकले. दुसऱ्या क्रमांकावर कोणताही उमेदवार नव्हता. तेथे ‘नोटा’ होता, २७ हजारांहून अधिक मतांचा. त्या मतांत रेणापूर तालुक्याचा वाटा नेमका किती, हे केंद्रनिहाय आकडे पाहिल्याशिवाय सांगू नये. पण तीन दशके कमळाचे बटण वा शिक्का शोधण्याची सवय लागलेला मतदार या मतदारसंघात आहे, एवढे विसरून तो आकडा वाचताही येणार नाही. २०२४ साली कमळ पुन्हा मतपत्रिकेवर आले आणि भाजपचे रमेश कराड यांनी धीरज देशमुखांचा पराभव केला.